एकवीस तास बोलणारा आरोपी

नोकरीत असताना मी पहिल्यांदा मुंबईच्या हायकोर्टात गेलो तो कागदांचे एक बाड घेऊन. जिल्ह्याच्या कोर्टात मी भाषांतरकार होतो. खाली मराठीत झालेल्या जबान्या वरच्या कोर्टात जायच्या तर त्यांचे इंग्रजी करून द्यायचे, हे माझे काम. बाड पोचते केले, सही घेतली. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून एका पट्टेवाल्याला विचारत विचारत मध्यवर्ती कोर्टाच्या दालनापाशी गेलो. तिथे लोकमान्य टिळकांच्या खटल्याची पाटी आहे. टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५६ साली, तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते ती लागली. ज्या दालनात टिळकांना शिक्षा झाली, तिथेच त्यांचे शेवटचे निवेदन आता आदराने कोरून ठेवले आहे.

एक ऑगस्टला शाळेत टिळकांवर भाषण न केलेला मराठी माणूस विरळा. मीही केले होते. शेंगा आणि टरफले झाली, संत हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिल्याची गोष्ट झाली, टाळ्या मिळाल्या. त्या दिवशी पाटीसमोर उभा राहिलो तेव्हा मात्र मला वेगळेच काही सुचत होते. त्या खटल्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सरकारी भाषांतर खात्यातला माणूस उभा होता आणि त्याची उलटतपासणी खुद्द टिळकांनी केली होती. आपण त्या जागी असतो तर, या विचाराने माझ्या तळहाताला घाम आला. तेव्हापासून टिळकांचे चरित्र मी कोर्टाच्या खिडकीतूनच वाचत आलो आहे.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक. पुढे घर पुण्यास आले. डेक्कन कॉलेजातून १८७६ साली ते बी. ए. झाले आणि १८७९ साली एल्‌एल. बी. म्हणजे माणूस पदवीने वकील. पण सनद घेऊन पक्षकार शोधण्याऐवजी त्यांनी १८८० साली मित्रांबरोबर शाळा काढली आणि १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे. 'केसरी' मराठीतून, 'मराठा' इंग्रजीतून. दोन्ही भाषांत लीलया वावरणारा हा माणूस. सरकारशी बोलायचे तर इंग्रजी आणि आपल्या माणसांशी बोलायचे तर मराठी, अशी ती वाटणी होती. कोर्टाच्या पायऱ्या त्यांना पुढे चढाव्या लागल्या त्या मुख्यतः मराठी लेखांपायी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पहिली पायरी १८८२ सालची. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर लिहिल्याबद्दल अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि आगरकरांबरोबर त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. दुसरी पायरी १८९७ सालची, राजद्रोहाची. तेव्हा जामिनासाठी त्यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर आणि जामीन देणारे न्यायमूर्ती होते बद्रुद्दीन तय्यबजी. पुढे खटला चालला तो न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे. कायद्यातल्या एका इंग्रजी शब्दाचा अर्थ स्ट्रॅचीसाहेबांनी ज्यूरीला असा ताणून सांगितला, की सरकारविषयी नुसते प्रेम नसणे हेही अप्रीती ठरावे. ज्यूरीत सहा जण दोषी म्हणाले, तीन निर्दोष. दीड वर्षाची शिक्षा झाली. एका शब्दाचा अर्थ कोण आणि कसा लावतो यावर माणसाचा तुरुंग ठरतो, हा धडा टिळकांना तिथे मिळाला. पुढे ताईमहाराज प्रकरणात तर त्यांची काही वर्षे कोर्टकचेरीतच गेली. फौजदारी कोर्टाने दोषी ठरवले आणि १९०४ साली हायकोर्टाने निर्दोष सोडले. १९०८ साल उजाडले तेव्हा कोर्टाची रीत माहीत नसलेला हा आरोपी नव्हता.

त्या वर्षी ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बाँब पडला आणि दोन इंग्रज स्त्रिया मारल्या गेल्या. देशभर चर्चा उसळली. 'केसरी'त मे आणि जून महिन्यांत लेख आले. त्यांतले 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख सरकारने उचलले. २४ जूनला मुंबईत सरदारगृहात टिळकांना अटक झाली. जामिनासाठी जिना उभे राहिले. आणि न्यायासनावर होते तेच दावर, आता न्यायमूर्ती झालेले! अकरा वर्षांपूर्वी याच माणसासाठी जामीन मागणाऱ्या दावरांनी या वेळी जामीन नाकारला. सरकारने खास ज्यूरी मागितली. अशा ज्यूरीत युरोपियनांचा भरणा होणार आणि मूळ मराठी लेख त्यांना वाचता येणार नाहीत, हे उघड होते. टिळकांच्या बाजूने विरोध झाला, तरी मागणी मान्य झाली. सात युरोपियन आणि दोन पारशी असे नऊ जण बसले.

१३ जुलैला खटला सुरू झाला आणि टिळकांनी आपला बचाव आपणच चालवायचे ठरवले. जोसेफ बॅप्टिस्टांसारखे कायदेपंडित मदतीला जवळ होते, पण बोलणार टिळक. त्यामागे हिशेब असावा. लेख माझे, त्यातला हेतू माझा, तो दुसऱ्याच्या तोंडून किती उतरणार? पण भाषेची अडचण इथे मोठी विचित्र होती. आपण नेहमी पाहतो तो अडाणी पक्षकार, ज्याला कोर्टाची भाषा कळत नाही. इथे पक्षकाराला कोर्टाची भाषा उत्तम येत होती. कोर्टालाच पक्षकाराची भाषा येत नव्हती. ज्या शब्दांसाठी शिक्षा व्हायची ते शब्द मराठी, आणि ज्यूरीच्या हातात त्यांचे सरकारी इंग्रजी.

म्हणून टिळकांनी भाषांतर खात्याच्या साक्षीदाराला शब्दांवरून खोदून खोदून विचारले. या मराठी शब्दाला हाच इंग्रजी शब्द का? अमुक इंग्रजी शब्दाचे मराठी तुम्ही काय कराल? राज्यकारभाराविषयीचे कितीतरी शब्द तेव्हा मराठीत नुकते रुळत होते. इंग्रजीत अनियंत्रित, जुलमी, लहरी अशा सत्तेच्या छटांना वेगवेगळे शब्द, आणि मराठी लेखकाला एकाच शब्दावर भागवावे लागे. भाषांतरकाराने त्यांतली सर्वांत तिखट छटा उचलली की लेख आपोआप तिखट होतो. टिळकांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की 'केसरी'चा वाचक मराठी आहे. त्याच्या मनावर काय परिणाम होईल ते पाहा, इंग्रजी वाचून तुमच्या मनावर काय होतो ते नव्हे.

१५ जुलैला त्यांनी ज्यूरीपुढे भाषण सुरू केले ते २२ जुलैला संपवले. एकूण २१ तास आणि १० मिनिटे. कायदा, जुने निवाडे, अँग्लो-इंडियन पत्रांतला मजकूर, सारे त्यात आले. घरझडतीत स्फोटकांवरच्या पुस्तकांची नावे लिहिलेले एक कार्ड मिळाले होते. नव्या कायद्यावर लिहिण्यासाठी ती पुस्तके पाहायची होती, असा त्याचा खुलासाही त्यांनी केला. दावरांनी त्यांना बोलू दिले, हे मान्य केले पाहिजे. एखाद्या आरोपीला इतके तास ऐकून घेणे ही लहान गोष्ट नाही. पण वकिलाशिवाय लढणाऱ्याला कोर्टाच्या रीतीची ठेच कशी लागते तेही तिथे दिसले. बचावासाठी त्यांनी कागद दाखल केले होते, त्यामुळे शेवटचा शब्द सरकारी वकिलाचा झाला.

त्याच रात्री सारे आटोपण्याचे ठरले. दावरांनी ज्यूरीला समजावून सांगितले ते आरोपीच्या विरुद्ध झुकणारेच होते. ज्यूरी आत गेली आणि तासाभराने परत आली. सात दोषी म्हणाले, दोन निर्दोष. काही म्हणायचे आहे का, असे विचारल्यावर टिळकांनी ते निवेदन केले जे आज पाटीवर आहे. ज्यूरीने काही ठरवले तरी मी निर्दोष आहे, माणसांचे भवितव्य चालवणारी याहून मोठी शक्ती आहे, आणि माझे कार्य माझ्या मोकळे राहण्यापेक्षा माझ्या सोसण्यानेच कदाचित वाढेल, असा त्याचा आशय. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड. शिक्षा देताना दावरांनी त्यांच्या बुद्धीला विकृतीचे दूषण दिले. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता, त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला. त्या कामगारांना इंग्रजी येत नव्हते, पण खटला त्यांना कळला होता.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. बांधावरून भाऊबंदांत भांडण झालेल्या एका म्हाताऱ्याची जबानी माझ्याकडे आली होती. चुलतभावाला आपण दम दिला, असे तो सरळ बोलून गेला होता. मी दम या शब्दाला इंग्रजीतला धमकीचा शब्द घातला आणि पान उलटले. दिवसाला किती पाने व्हायची, कुणाला वेळ होता! वकिलाला द्यायला पैसे नव्हते म्हणून म्हातारा वरच्या कोर्टात स्वतःच उभा राहिला. तिथे न्यायाधीश त्या शब्दापाशी थांबले. त्यांनी मूळ मराठी कागद मागवला, वाचला आणि म्हाताऱ्याला मराठीत विचारले, दम दिला म्हणजे नेमके काय केले? तो म्हणाला, मोठा भाऊ म्हणून चार शब्द सुनावले. तो सुटला. परत आल्यावर पेढे घेऊन माझ्याकडेच आला. माझ्या शब्दाने तो अडकला होता हे त्याला ठाऊक नव्हते. तो पेढा माझ्या घशाखाली उतरला नाही.

त्या न्यायाधीशांनी विशेष असे काय केले? कायदा वाकवला नाही, कुणाची बाजू घेतली नाही. फक्त भाषांतर म्हणजे माणसाचे बोलणे नव्हे, एवढे ओळखले. दावरांनी टिळकांना वेळ दिला. वेळ देणे आणि समजून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एल्‌एल. बी. झालेला, इंग्रजीत एकवीस तास बोलू शकणारा आणि मागे सारा देश असलेला माणूस ती दरी ओलांडू शकला नाही, तर माझ्या म्हाताऱ्याने ती कशी ओलांडावी? ती ओलांडायला न्यायाधीशानेच पलीकडून दोन पावले यावे लागते.

असे येता येते, हे टिळकांच्याच चरित्रात पुढे दिसते. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले, तेही मराठीत. पत्नी सत्यभामाबाई १९१२ साली वारल्या, तेव्हा ते तिथेच होते. १९१४ च्या जूनमध्ये सुटून आले आणि १९१६ साली स्वराज्याची भाषणे देत फिरू लागले. बेळगाव आणि अहमदनगर इथल्या भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. भाषणे पुन्हा मराठी, कोर्टापुढे पुन्हा भाषांतरे. या वेळी हायकोर्टात जिनांनी बाजू मांडली. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती लल्लूभाई शहा यांनी सुटे शब्द वेचले नाहीत. भाषणे सबंध वाचली, ऐकणाऱ्यावर एकूण परिणाम काय होईल ते पाहिले, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. १९०८ साली टिळक जे मागत होते, ते आठ वर्षांनी त्याच हायकोर्टात मिळाले.

मात्र दर वेळी मिळाले असे नाही. चिरोल या इंग्रज लेखकाविरुद्ध टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. तिथल्या ज्यूरीपुढे 'केसरी'तले जुने लेख इंग्रजीतून वाचले गेले, आणि १९१९ च्या फेब्रुवारीत टिळक हरले. खर्चाचा मोठा बोजा अंगावर आला. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईत सरदारगृहातच त्यांनी देह ठेवला.

आज महाराष्ट्रात खालच्या कोर्टांत १९९८ पासून मराठी आहे. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाची भाषा राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाने इंग्रजी आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टात एक वयस्क पक्षकार वकिलाशिवाय उभा राहून हिंदीतून बोलू लागला. इथली भाषा इंग्रजी आहे, असे त्याला सांगावे लागले. पण न्यायमूर्तींनी तिथेच थांबून त्याला हाकलले नाही. कोर्टात हजर असलेल्या सरकारी बाजूच्या वकिलांनी त्याला बोलणे समजावून दिले आणि न्यायमूर्तींनी त्याच्यासाठी वकील नेमून दिला. निकालांची भाषांतरे आता संगणकही करू लागला आहे. चांगलेच आहे. पण दम या शब्दापाशी त्या यंत्राने थांबावे, ही अपेक्षा मी करत नाही. मी माणूस असून थांबलो नव्हतो.

निवृत्त होण्याआधी नव्या मुलांना काम शिकवताना मी त्यांना टिळकांच्या खटल्याची गोष्ट सांगत असे. कायद्याची कलमे नव्हे, तो पिंजऱ्यातला भाषांतरकार आणि समोर कागद घेऊन उभे असलेले टिळक. एखाद्या शब्दापाशी शंका आली तर मूळ शब्द कंसात मराठीत तसाच लिहून ठेवा, असे बजावत असे. वर कुणी तरी थांबणारा न्यायाधीश असला, तर त्याच्या बोटाला धरायला तेवढा एक शब्द पुरतो.