पहारेकऱ्यावरील पहारा

मक्केतील कुरैशांच्या बनू अदी कुळात जन्मलेले हजरत उमर (रजि.) इ.स. ६३४ मध्ये खलिफा झाले. मदीनेच्या गल्ल्यांतून ते रात्री स्वतः गस्त घालीत, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु अधिकाऱ्यांवरही त्यांनी जनतेचा पहारा बसविला होता, हे क्वचितच ध्यानी येते.

नव्या राज्यपालाच्या मालमत्तेची ते नोंद करून घेत. हजच्या दिवसांत अधिकाऱ्यांना मक्केत बोलावून लोकांच्या तक्रारी ऐकत. कूफावासीयांनी हजरत सअद (रजि.) यांच्याविरुद्ध तक्रार केली, तेव्हा चौकशीसाठी हजरत मुहम्मद बिन मसलमा (रजि.) यांना पाठविले. त्यांनी मशिदीमशिदीत जाऊन लोकांनाच विचारले.

एका रिवायतीनुसार, गस्तीवर असताना संशय आल्याने खलिफा भिंत ओलांडून एका घरात शिरले. घरमालकाने आपला गुन्हा कबूल केला. पण खलिफांच्या तीन चुकाही निर्भयपणे दाखविल्या. त्यांनी पाळत ठेवली, जी सूरह हुजुरातमध्ये (आयत १२) निषिद्ध आहे. ते दारातून आले नाहीत. आणि त्यांनी सलामही केला नाही. खलिफांनी चुका मान्य केल्या, त्याला क्षमा केली आणि ते परतले.

इ.स. ६४४ मध्ये फजरच्या नमाजीत झालेल्या हल्ल्यानंतर ते शहीद झाले.

आज मोहल्ला समितीत पोलिसांसमवेत बसताना आपण हे स्मरावे. ती जागा शेजाऱ्यांवर पाळत ठेवण्याची नव्हे. अधिकाराला जाब विचारण्याची आहे, आणि कोणी आपली चूक दाखविली तर ती मान्य करण्याचीही.