‘एक्स्प्लेन मी’ का चुकतं? उत्तर शोधणारे हॉर्नबी

‘सर, प्लीज एक्स्प्लेन मी धिस पॉइंट.’ वर्गात, व्हायव्हात, इंटरव्ह्यूत आपल्यापैकी अनेक जण हे वाक्य बिनधास्त बोलतात. समोरच्याला अर्थ कळतो, पण इंग्रजीच्या हिशेबाने वाक्य चुकलेलं असतं. ‘गिव्ह मी’ चालतं, ‘टेल मी’ चालतं, मग ‘एक्स्प्लेन मी’ने काय घोडं मारलंय? तिथे ‘एक्स्प्लेन धिस टू मी’ असंच का म्हणायचं?

या ‘का’चा ज्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, त्यांचं नाव आल्बर्ट सिडनी हॉर्नबी. नाव कदाचित ऐकलं नसेल, पण त्यांचं काम तुम्ही नक्की हाताळलं असेल. कॉलेजच्या लायब्ररीत असते ती जाडजूड ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ मुळात हॉर्नबी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांची. नावात ऑक्सफर्ड असलं, तरी तिचा जन्म मात्र जपानमधला.

हॉर्नबींचा जन्म १८९८ सालचा, इंग्लंडमधल्या चेस्टर गावातला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून इंग्रजीची पदवी घेऊन १९२४मध्ये ते जपानला गेले. क्यूशू बेटावरच्या ओइता शहरात एका वाणिज्य महाविद्यालयात त्यांना इंग्रजी साहित्य शिकवायचं होतं. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की या मुलांची खरी गरज साहित्याच्या आधी भाषेची आहे.

त्याच काळात हॅरॉल्ड पामर नावाचे इंग्रज भाषातज्ज्ञ टोकियोत होते. जपानच्या शिक्षण खात्याने त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं होतं आणि १९२३पासून ते इंग्रजी अध्यापनावर संशोधन करणारी एक संस्था चालवत होते. हॉर्नबी तिच्या कामात ओढले गेले आणि पुढे टोकियोलाच आले. १९३६मध्ये पामर इंग्लंडला परतले, तेव्हा संस्थेच्या संशोधनाची आणि नियतकालिकाची जबाबदारी हॉर्नबींवर आली.

पामर आणि हॉर्नबी यांना एक गोष्ट पक्की दिसली होती. शिकणारा माणूस चुकतो, तो बहुतेकदा डोकं वापरतो म्हणून! ‘आय वाँट यू टू कम’ बरोबर, ‘आय टोल्ड यू टू कम’ बरोबर. मग त्याच चालीवर तो ‘आय सजेस्टेड यू टू कम’ म्हणतो आणि फसतो. तर्क चोख, वाक्य चूक. कारण इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाची आपली अशी सोबत ठरलेली असते. कुणाला लगेच सर्वनाम चालतं, कुणाला मध्ये ‘टू’ लागतो, तर कुणाला ‘दॅट’ने सुरू होणारं अख्खं उपवाक्य.

आपल्या मराठीशी ताडून बघा. ‘मला दे’, ‘मला सांग’, ‘मला समजाव’, ‘मला सुचव’. चारही ठिकाणी एकच ‘मला’. इंग्रजीत पहिल्या दोघांना नुसतं ‘मी’ चालतं, पण ‘एक्स्प्लेन’ आणि ‘सजेस्ट’ना ‘टू मी’ लागतं. ‘मी पुस्तक ठेवलं’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत ‘आय पुट द बुक’ म्हटलं की ऐकणारा ताटकळतो, कुठे ठेवलं? ‘ऑन द टेबल’ किंवा निदान ‘देअर’ आल्याशिवाय ‘पुट’चं पोट भरत नाही.

सर्वनामांची तर आणखी वेगळी तऱ्हा. ‘पुट ऑन युअर शूज’ आणि ‘पुट युअर शूज ऑन’ दोन्ही बरोबर. पण ‘शूज’च्या जागी ‘देम’ आलं की फक्त ‘पुट देम ऑन’. उलट ‘लुक आफ्टर’ फोडताच येत नाही, तिथे ‘लुक आफ्टर देम’च. क्रियाविशेषणाचंही तेच. ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’ ठीक, पण ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश’ कानाला खटकतं, कारण क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये असं कुणी घुसलेलं इंग्रजीला सहसा खपत नाही.

इंग्रजी माणसाला हे सगळं लहानपणापासून ऐकून ऐकून येतं, त्यामुळे त्याच्यासाठी लिहिलेल्या डिक्शनरीत ते सविस्तर सांगायची गरजच नसते. परक्या मुलाने मात्र हे शोधायचं कुठे? हॉर्नबींनी ई. व्ही. गेटन्बी आणि एच. वेकफिल्ड यांना सोबत घेऊन त्याच मुलासाठी डिक्शनरी करायला घेतली. क्रियापदांच्या वाक्यरचना त्यांनी २५ साच्यांत बसवल्या. शब्दासमोर अर्थ तर होताच, शिवाय तो शब्द कोणत्या साच्यात बसतो याचा क्रमांक आणि वापर दाखवणारी उदाहरणं. कोणत्या नामाचं अनेकवचन होतं आणि कोणत्याचं नाही, हेही दिलं.

काम चालू असताना बाहेरचं वातावरण झपाट्याने बिघडत होतं. जपानमध्ये इंग्रजीला शत्रूची भाषा म्हटलं जाऊ लागलं. डिसेंबर १९४१मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि हॉर्नबी रातोरात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आलं आणि १९४२मध्ये मायदेशी पाठवण्यात आलं. त्याच १९४२मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनसंस्थेने ही इंग्रजी डिक्शनरी छापली. शत्रूची भाषा शत्रूच्याच माणसांकडून शिकवणारं पुस्तक!

हॉर्नबी पुढे ब्रिटिश कौन्सिलमध्ये गेले, युद्धाची उरलेली वर्षं इराणमध्ये तेहरानला शिकवत राहिले. १९४६मध्ये त्यांनी इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी एक नियतकालिक सुरू केलं, ते आजही निघतं. ऑक्सफर्डने त्यांच्या जपानी आवृत्तीच्या पानांचे फोटो घेऊन १९४८मध्ये ती डिक्शनरी जशीच्या तशी छापली. ‘ॲडव्हान्स्ड’ हा शब्द नावात नंतर आला. १९५४मध्ये हॉर्नबींनी या साच्यांवर स्वतंत्र पुस्तकही लिहिलं. डिक्शनरी जगभर पसरली, कोट्यवधी प्रती खपल्या.

तिच्यात सगळंच सोपं होतं असं नाही. साच्यांचे क्रमांक लक्षात ठेवणं पोरांच्या जिवावर यायचं, दर वेळी तक्ता उघडून बघावा लागायचा. पुढच्या आवृत्त्यांत हे क्रमांक गेले, साध्या खुणा आल्या. कल्पना मात्र तीच राहिली, आणि शिकणाऱ्यांसाठी निघालेल्या दुसऱ्या डिक्शनऱ्यांनीही ती उचलली.

पैसा आला, तेव्हा हॉर्नबींनी १९६१मध्ये स्वतःच्या नावाचा शैक्षणिक ट्रस्ट काढला आणि डिक्शनरीच्या कमाईचा मोठा वाटा त्यात घातला. विकसनशील देशांतल्या इंग्रजी शिक्षकांना पुढे शिकता यावं, हा त्यामागचा हेतू. ज्या विद्यार्थ्यांमुळे पैसा आला, त्यांच्याच शिक्षकांकडे तो वळला. १३ सप्टेंबर १९७८ रोजी, वयाच्या ८०व्या वर्षी हॉर्नबी गेले.

आपलं इंग्रजी चुकलं की कुणीतरी हसतं, आणि मग आपण बोलायचंच टाळतो. हॉर्नबी अशा चुकांवर हसत बसले नाहीत. मूल नेमकं कुठे आणि का घसरतं हे त्यांनी बघितलं आणि तिथे पाटी लावली. ती पाटी आज तुमच्या मोबाइलमध्येसुद्धा आहे. पुढच्या वेळी ‘सजेस्ट’, ‘डिस्कस’, ‘रिक्वेस्ट’ असा शब्द शोधाल, तेव्हा अर्थ वाचून लगेच बाहेर पडू नका. खालची दोन उदाहरणं वाचा, क्रियापदानंतर काय आलंय ते बघा आणि वहीत सुट्या शब्दाऐवजी अख्खं वाक्य उतरवा. महिनाभर करून बघाच.