काच जपणारा नवाब

लहानपणी आमच्या आजीने मला एक खेळ शिकवला होता. फुटक्या काकणांचे तुकडे गोळा करायचे, एकेक तुकडा चिमट्यात धरून दिव्याच्या ज्योतीवर तापवायचा आणि तो मऊ झाला की दोन्ही टोके जुळवून कडी करायची. कडीत कडी अडकवत गेले की दाराला लावण्याजोगे तोरण होई. बोटे भाजत, पण हिरव्या, लाल काचेचे ते तोरण उन्हात चमकू लागले की भाजल्याचा विसर पडे. आजीचे माहेर अजिंठ्याकडचे. हा तपशील इथे का सांगतो आहे ते पुढे कळेल.

नोकरीच्या निमित्ताने हैदराबादला आलो आणि तो जुना खेळ पुन्हा डोक्यात शिरला. आम्ही तिघा मित्रांनी वर्गणी काढून एक छोटी विजेची भट्टी घेतली. रंगीत काचांचे तुकडे एकावर एक रचायचे, खाली चिनी मातीचा लेप दिलेली फरशी ठेवायची आणि भट्टी हळूहळू आठशे अंशांच्या आसपास न्यायची. तिथे तुकडे एकमेकांत विरघळून एकजीव होतात. माझी पहिली बशी मोठी देखणी झाली होती. चौथ्या दिवशी टेबलावर ठेवल्या ठेवल्या ती टक् असा आवाज करून दुभंगली. काकणाची काच आणि खिडकीची काच मी एकत्र वितळवली होती. दोन्ही काचा निवताना सारख्या प्रमाणात आक्रसत नाहीत, त्यामुळे आत ताण राहतो. शिवाय भट्टी मी घाईने निववली होती. काच पाचशे अंशांच्या आसपास बराच वेळ थांबवून मग सावकाश निववावी लागते, हे मला बशी फुटल्यावर कळले.

मग जुन्या कारागिरांनी हे कसे साधले ते पाहावे म्हणून मुसी नदीच्या काठच्या सालारजंग संग्रहालयात गेलो. व्हेनिसची, बोहेमियाची, फ्रान्सची, इंग्लंड-आयर्लंडची काच तिथे कपाटांतून मांडलेली आहे. फुंकनळीचा शोध इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर लागला. त्याआधी कित्येक शतके कारागीर साच्यात काचेचे तुकडे वितळवूनच वाट्या करीत. म्हणजे आजीचा खेळ फुंकनळीहूनही जुना निघाला! गेलो होतो काच पाहायला, पण परत आलो तो हे सारे जमवणाऱ्या माणसाचा विचार करीत.

मीर यूसुफ अली खान, तिसरे सालारजंग, यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी आपल्या पुण्यात झाला. हैदराबादच्या या प्रसिद्ध नवाबाने पहिला श्वास पुण्याच्या हवेत घेतला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. आजोबा मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालारजंग, १८५३ पासून १८८३ पर्यंत निजामाचे दिवाण होते. संस्थानचा कारभार रुळावर आणणारा मुत्सद्दी म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. वडील मीर लायक अली खान १८८४ ते १८८७ या काळात दिवाण होते. पद गेल्यावर ते फार जगले नाहीत. मूल महिन्याचेही झाले नसेल तोच पुण्यातच त्यांनी डोळे मिटले. वडिलांचा चेहरा आठवणे या मुलाच्या नशिबी नव्हते. त्याच्या वाट्याला आले ते थोर नाव, प्रचंड जहागीर आणि हैदराबादचा दिवाण देवडी हा विस्तीर्ण वाडा.

१९१२ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांना दिवाण नेमले. वय अवघे तेवीस. आपल्या महाविद्यालयातून पदव्युत्तर परीक्षा देऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याचे हे वय! आजोबांनी तीस वर्षे सांभाळलेली खुर्ची नातवाने १९१४ च्या अखेरीस सोडली. निजामाशी मतभेद हे कारण सांगतात. ते काही असो. पंचविसाव्या वर्षी एवढे मोठे पद गेलेला श्रीमंत तरुण पुढे काय करतो, याची उदाहरणे संस्थानी इतिहासात भरपूर आहेत आणि त्यांतली बरीचशी खिन्न करणारी आहेत.

या तरुणाने वस्तू जमवायला सुरुवात केली. उरलेले आयुष्य, म्हणजे जवळजवळ पस्तीस वर्षे, तो दुसरे काही फारसे करीत नव्हता असे म्हटले तरी चालेल. चित्रे, हस्तलिखिते, जेडची भांडी, हस्तिदंत, घड्याळे, गालिचे आणि काच यांची भर पडत गेली. व्यापारी आणि त्यांचे दलाल माल घेऊन देवडीच्या दारी येत. परदेशच्या प्रवासातही खरेदी होई. संग्रहाचे बीज मात्र घरात आधीच रुजले होते. पाहुणे जिच्यापुढे थबकतात ती बुरखाधारी रिबेकाची संगमरवरी मूर्ती आजोबांनी १८७६ साली रोममध्ये घेतली होती. पण बीजाचे झाड केले ते नातवाने. त्यांनी लग्न केले नाही. देवडीची दालने भरत गेली आणि घर मात्र रिकामेच राहिले.

आता अजिंठ्याकडे वळतो. सालारजंगांच्या जहागिरीत सहा तालुके होते. त्यांत अजिंठा होता, तसेच कोप्पळ, यलबुर्गा आणि कोसगीही होते. आपल्या या अंकाचे मराठी पान वाचणारा असो की कानडी, दोघांच्याही मुलखातला शेतसारा त्या देवडीत जमा होत असे. व्हेनिसचा झुंबर आणि बोहेमियाचा पेला यांची किंमत अखेर ज्वारीच्या आणि कापसाच्या शेतांतून आली. आजीच्या माहेरच्या माणसांनी भरलेल्या साऱ्यातला एखादा रुपया त्या कपाटात पेला होऊन उभा असेल, हा विचार मनात आला आणि त्या दालनात मी थोडा वेळ अस्वस्थ झालो. एका बाजूला काकणाचे तुकडेसुद्धा जपून ठेवणारी बाई आणि दुसऱ्या बाजूला सबंध जगाची काच विकत घेणारा धनी! रसिकतेचे कौतुक करताना तिचा खर्च कोणी सोसला हे विसरणे मला बरोबर वाटत नाही.

पण हिशेब इथेच मिटवला तर तोही अपुरा राहील. त्याच काळात अनेक संस्थानिकांनी असाच पैसा मोटारी, शिकारी आणि मेजवान्या यांवर उधळला. त्यातले आज काय उरले आहे? या माणसाने पैसा अशा गोष्टींत घातला, ज्या कोणा ना कोणा कारागिराच्या हातांनी घडल्या होत्या. आणि काचेसारखी गोष्ट जमवायची म्हणजे ती फुटू न देण्याची जबाबदारीही घ्यायची. माझी एक बशी चार दिवस टिकली नाही. तेव्हा हजारो मैलांवरून आलेला पातळ पेला पिढ्यान् पिढ्या धड ठेवणे म्हणजे काय असते, याची मला आता थोडी कल्पना येते.

२ मार्च १९४९ रोजी सालारजंगांचे निधन झाले. सहाच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९४८ मध्ये, निजामाचे राज्य भारतात विलीन झाले होते आणि १९४९ मध्ये जहागिऱ्याही रद्द झाल्या. थेट वारस नाही, जहागीर नाही, आणि वाडाभर वस्तू! हा संग्रह लिलावात फुटून जगभर विखुरला असता तर कोणाला नवल वाटले नसते. संस्थानचे तेव्हाचे प्रमुख प्रशासक वेल्लोडी यांनी कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांच्याकडे तो लावण्याचे काम सोपवले. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालय उघडले. पुढे नातेवाइकांनी न्यायालयात तडजोड करून संग्रहावरचा हक्क सोडला. १९६१ साली संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले आणि १९६८ मध्ये ते आजच्या इमारतीत आले. जे एका धन्याचे होते ते अशा रीतीने सर्वांचे झाले. माझ्या मते अजिंठ्याचा आणि कोप्पळचा रुपया त्या दिवशी काही अंशी तरी परत आला.

सालारजंगांनी स्वतः काच घडवली नाही, आणि माझ्या आजीने पेला विकत घेतला नाही. पण फुटणाऱ्या वस्तूवर जीव लावणे दोघांनाही ठाऊक होते. हैदराबादला याल तेव्हा चारमिनार पाहून, लाड बाजारात चुड्या घेऊन परत फिरू नका. काचेच्या दालनात अर्धा तास काढा. तिथे तुम्ही पाहुणे नाही. त्या कपाटांत तुमच्याही गावाचा वाटा आहे.

माझी नवी बशी तयार झाली आहे. या खेपेला सारे तुकडे एकाच जातीच्या हिरव्या काकणांचे घेतले आणि भट्टी रात्रभर सावकाश निवू दिली. दोन महिने झाले. अजून तरी ती शाबूत आहे.