गॅरी किल्डॉल : जुन्या फ्लॉपी ड्राइव्हने ओळख करून दिलेला माणूस

विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हची नावं सी पासून का सुरू होतात? ए आणि बी कुठे गेले? उत्तर सोपं आहे. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी होती. हार्ड डिस्क नंतर आली, म्हणून तिला सी मिळालं. ही पद्धत घराघरातल्या छोट्या कॉम्प्युटरवर पोहोचवणाऱ्या माणसाचं नाव मात्र मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. ते कळलं एका बिघडलेल्या फ्लॉपी ड्राइव्हमुळे.

माझे मामा इंदापूरचे. जहाजावर नोकरी करायचे. युरोपातल्या कुठल्यातरी बंदरातून त्यांनी एक होम कॉम्प्युटर आणला होता, अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी 6128. हे मॉडेल 1985 सालचं. मेमरी फक्त 128 केबी, कीबोर्डच्या उजव्या बाजूला 3 इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह. मामा गेले आणि कॉम्प्युटर माळ्यावर गेला. गेल्या उन्हाळ्यात मामींनी तो मला दिला, सोबत दोन फ्लॉपी. त्यांत मामांनी काय लिहून ठेवलंय ते बघ, एवढंच त्यांचं म्हणणं. मी तो निमगाव केतकीमार्गे बाइकवरून बारामतीला आणला.

ड्राइव्ह का चालत नव्हता?

कॉम्प्युटर सुरू झाला. फ्लॉपी घातली की लाल दिवा लागायचा, मोटरचा आवाज यायचा, पण स्क्रीनवर यायचं की डिस्कच नाही. ड्राइव्ह उघडल्यावर कारण दिसलं. मोटरची गती चकतीपर्यंत नेणारा रबरी पट्टा विरघळून काकवीसारखा चिकट झाला होता. यात कंपनीचा दोष नाही, इतक्या वर्षांत रबराचं असंच होतं.

मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयपीए घेऊन कापसाने तो चिकटा पुसला. टेपरेकॉर्डरचा पट्टा लावून पाहिला, पण तो गोल होता. इथे चपटा लागतो, सुमारे 70 मिलिमीटर व्यासाचा. तो ऑनलाइन मागवला. यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मी या कॉम्प्युटरसोबत आलेल्या सिस्टिम डिस्कबद्दल वाचत बसलो. तिच्यावर सीपी/एम नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती, आणि ती लिहिणाऱ्याचं नाव गॅरी किल्डॉल.

सिअ‍ॅटलचा मास्तर

गॅरी यांचा जन्म 19 मे 1942 चा, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातला. त्यांच्या घरची शाळा होती, जहाज कसं हाकायचं हे शिकवणारी. वॉशिंग्टन विद्यापीठात गणित शिकताना ते कॉम्प्युटरकडे वळले. पुढे कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवू लागले. 1972 मध्ये पीएचडी झाले.

त्याच सुमारास इंटेलने मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला होता. बहुतेकांना ती ट्रॅफिक सिग्नल किंवा कॅल्क्युलेटरमध्ये घालायची वस्तू वाटायची. गॅरी यांना त्यात पूर्ण कॉम्प्युटर दिसला. त्यांनी इंटेलसाठी काम सुरू केलं आणि या छोट्या चिपसाठी पीएल/एम ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली.

अडचण साठवणीची होती. तेव्हा छोट्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम ठेवायचा म्हणजे भोकं पाडलेली कागदी पट्टी. वेळ खाणारं, किचकट काम. फ्लॉपी ड्राइव्ह नवीन होता आणि महाग होता. शुगार्ट कंपनीकडून गॅरी यांनी एक ड्राइव्ह मिळवला. तोही नवा नव्हता, हजारो तास चाचणीत चालवून झिजलेला होता.

म्हणजे ही गोष्टही जुन्या, झिजलेल्या ड्राइव्हपासूनच सुरू होते! हे वाचलं तेव्हा समोर उघडून ठेवलेल्या माझ्या ड्राइव्हकडे बघून मला जरा धीर आला.

मित्र मदतीला आला

ड्राइव्ह हातात असून उपयोग नव्हता. तो कॉम्प्युटरला जोडायला कंट्रोलर सर्किट लागतं. गॅरी यांनी स्वतः प्रयत्न केला, पण ते जमेना. ते सॉफ्टवेअरचे माणूस. शेवटी त्यांनी जुना मित्र जॉन टोरोड याला गाठलं. टोरोडने कंट्रोलर बनवला, आणि 1974 मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह गावात ड्राइव्ह चालला. फ्लॉपीवरच्या फाइल सांभाळणारं जे सॉफ्टवेअर गॅरी यांनी लिहिलं, तेच सीपी/एम.

इंटेलला त्यात रस वाटला नाही. मग गॅरी आणि त्यांची पत्नी डोरोथी यांनी स्वतःची कंपनी काढली, तीच पुढे डिजिटल रिसर्च म्हणून ओळखली गेली.

खरी करामत : बायोस

आता तांत्रिक भाग. तेव्हा प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा, ड्राइव्ह वेगळा. दर वेळी अख्खी सिस्टिम बदलून लिहावी लागायची. गॅरी यांनी तिचे भाग पाडले. हार्डवेअरशी थेट बोलणारा छोटासा भाग बाजूला काढला आणि त्याला बायोस म्हटलं. नवीन मशीन आलं की फक्त बायोस बदलायचा, बाकी सगळं तसंच. वरचे प्रोग्रामही तेच चालायचे.

तुमच्या खिशातल्या फोनमध्ये हाच विचार आहे. फोन दहा कंपन्यांचे, चिप वेगळी, कॅमेरा वेगळा, तरी अँड्रॉइड आणि अ‍ॅप तेच, कारण हार्डवेअरचा भाग वेगळा ठेवलेला असतो.

विमानाची ती गोष्ट

गॅरी यांच्याबद्दल इंटरनेटवर एकच गोष्ट फिरते. 1980 मध्ये आयबीएमचे लोक दारात आले आणि हे मजेत विमान उडवायला गेले, म्हणून बिल गेट्स व्हायचे राहिले. मीही आधी तेच वाचलं आणि हसलो. पण ते मजेसाठी गेले नव्हते, विमान घेऊन एका ग्राहकाच्या कामाला गेले होते. इकडे डोरोथी यांनी बोलणी सुरू केली आणि आयबीएमच्या गुप्तता करारावर गाडी अडली.

पुढे मायक्रोसॉफ्टने सिअ‍ॅटलच्या एका छोट्या कंपनीकडून टिम पॅटरसनने लिहिलेली सिस्टिम विकत घेऊन आयबीएमला दिली. तिची रचना सीपी/एमच्या धर्तीवर होती. गॅरी यांनी तक्रार केल्यावर आयबीएमने सीपी/एमही विकायला ठेवली, पण 240 डॉलरला. शेजारी डॉस 40 डॉलरला. लोकांनी काय घेतलं असेल ते सांगायला नको.

तरी ते थांबले नाहीत. कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी अनेक वर्षं लोकांना तंत्रज्ञान समजावून सांगितलं. सीडीवर विश्वकोश आणण्याच्या कामातही ते सुरुवातीपासून होते. 1991 मध्ये नॉव्हेलने डिजिटल रिसर्च विकत घेतली. जुलै 1994 मध्ये मॉन्टेरेत डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर 11 तारखेला त्यांचं निधन झालं. वय फक्त 52.

आणि माझा ड्राइव्ह?

नवा पट्टा बसवला, हेड आयपीएने हलक्या हाताने पुसलं. आधी सिस्टिम डिस्क घातली आणि सीपी/एम सुरू झाली. तुम्हीही असं काही करणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुना मॉनिटर उघडू नका, त्यात प्लग काढल्यावरही धोकादायक व्होल्टेज राहू शकतं. आणि दुरुस्तीनंतर महत्त्वाची फ्लॉपी आधी घालू नका, साधी घालून तपासा.

मग मामांची पहिली फ्लॉपी. डीआयआर ही कमांड दिली. हीच कमांड आजही विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालते. फाइलची यादी आली. जहाजावरच्या पगाराचा हिशेब, घरी पाठवलेले पैसे, आणि इंदापूरच्या घराच्या बांधकामाचा खर्च महिन्यावार. दुसरी फ्लॉपी वाचता आली नाही. तिच्यावर बुरशी आहे, ती मी अजून टाकलेली नाही.

स्क्रीनचे फोटो मामींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. फोन आला तेव्हा त्यांनी विटांचा आकडा चुकल्याचं सांगितलं, त्या वर्षी वीट त्याहून महाग होती. मग बराच वेळ त्या घराच्या बांधकामाबद्दलच बोलत राहिल्या.

पुढच्या वेळी सी ड्राइव्ह उघडाल किंवा फोनमध्ये नवीन अ‍ॅप टाकाल, तेव्हा गॅरी किल्डॉल यांचं नाव आठवा. एका हुकलेल्या करारापेक्षा त्यांचं काम फार मोठं आहे, आणि ते आजही चालू आहे.