श्रीसंत बहिणाबाई आणि देवळातील नम्रता

देवळाच्या दारात आपण सारे वहाणा काढतो. मोठेपणा मात्र पुष्कळदा अंगावर तसाच घेऊन आत जातो. तो कोणी आधी उतरवायचा, हे शिऊरच्या श्रीसंत बहिणाबाईंच्या चरित्रावरून कळते. म्हणून ते आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

बहिणाबाईंचा जन्म शके 1550, म्हणजे सन 1628 चा, वेरूळ परिसरातील देवगावचा. वडील आऊजी कुळकर्णी, आई जानकी. लग्न अगदी बालवयात झाले; पती बिजवर, वयाने तिशीचे, वेदपाठी आणि तापट. पुढे घरावर संकट आले आणि सारे कुटुंब गाव सोडून फिरत फिरत कोल्हापुरी येऊन राहिले.

तेथे जयरामस्वामींची कीर्तने चालत. बहिणाबाई ऐकायला जात आणि त्यांच्या लळ्याचे वासरूही मागोमाग जाई. एकदा गर्दी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. ते हंबरू लागले, तेव्हा स्वामींनी त्याला आत आणविले व दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. मुक्या जनावरालाही कीर्तनात जागा मिळाली! पण बायकोचा असा बोलबाला झालेला पतीला सोसवला नाही. त्यांनी तिला बांधून मारले.

पुढे वासरू गेले. त्या शोकात बहिणाबाईंना तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, हे पतीला मुळीच रुचेना. घर सोडून जाण्याचा त्यांनी निश्चय केला. पण तेवढ्यात भारी दुखणे आले आणि त्या अंथरुणावर त्यांचे मन पालटले. मग दोघे मिळून देहूस गेली. इंद्रायणीत स्नान केले, विठ्ठलमंदिरात तुकोबांचे दर्शन घेतले. ज्याने मारले, तोच आता बायकोच्या गुरूपुढे नम्र झाला.

सगळ्यांना हे साधले नाही. आपल्याकडूनच मंत्र घ्यावा, असा मंबाजींचा आग्रह. तो न मानल्यामुळे त्यांनी या कुटुंबाला फार छळले. मुक्या गाईलाही मार दिला. एकाच गावात, एकाच विठ्ठलापाशी दोन माणसे. एकाची विद्या वितळली, दुसऱ्याची ताठ राहिली.

स्त्रीला वेद ऐकण्याचीही बंदी, याचे दुःख बहिणाबाईंनी आपल्या अभंगांत उघड सांगितले आहे. त्यांनी संसार टाकला नाही, पतिसेवा सोडली नाही, आणि विठ्ठलही सोडला नाही. वज्रसूचीचा आशय मराठी अभंगांत आणून, खरा ब्राह्मण जन्माने नव्हे तर ब्रह्मज्ञानाने ठरतो, हेही त्यांनी मांडले. सन 1700 मध्ये त्यांनी देह ठेवला. शिऊरास त्यांची समाधी आहे.

वारकरी बंधुभगिनींनो, दिंडीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. त्या वेळी बाई की पुरुष, लहान की थोर, हे कोणी पाहत नाही. मग कीर्तनाला बसताना, दर्शनबारीत उभे राहताना, आयाबायांनाच मागे सरायला का सांगावे? नम्रता ही बायकांनी एकट्यांनी पाळायची गोष्ट नव्हे. ज्याच्या हाती जागा आहे, त्याने आधी सरकून बसावे. आमच्या मते बहिणाबाईंचे खरे स्मरण हेच.

रामकृष्ण हरी!