नेत्रवैद्य आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे

शाळेंत विद्यार्थ्यांची प्रकृति तपासण्यासाठीं डॉक्टर येतात तेव्हां ते एखाद्या मुलास अंधाऱ्या कोपऱ्यांत बसवून, एका लहानशा यंत्रांतून त्याच्या डोळ्यांत पाहतात, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं अनुभविलें असेल. मूल घाबरतें, पापण्या मिटून घेतें, पण एक-दोन मिनिटांत सर्व आटोपतें. तेवढ्या वेळांत डॉक्टरांस डोळ्याच्या तळाशीं पसरलेलें तांबूस दृष्टिपटल, त्यावरील रक्तवाहिन्यांचें जाळें आणि मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिनाडीचें वाटोळें मुख स्पष्ट दिसतें. १८५० सालापर्यंत हें दृश्य वैद्यांच्या दृष्टीआड होतें. रोग्यास दिसेनासें झालें म्हणजे डोळा वरून पाहावयाचा, आणि कारण सांपडलें नाहीं म्हणजे हात टेकावयाचे, अशी त्या वेळची स्थिति होती. ही स्थिति ज्यांच्या श्रमांनीं पालटली त्यांत बर्लिनचे आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांस उणींपुरीं ४२ वर्षांचें आयुष्य लाभलें, व त्यांतलें काम करण्याजोगें असें सुमारें २० वर्षांचेंच.

त्यांचा जन्म २२ मे १८२८ रोजीं बर्लिन येथें झाला. वडील कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे हे युरोपांतील नामांकित शस्त्रवैद्य होते. येथें थोडें विषयांतर करावेंसें वाटतें, कारण त्याचा धागा आपल्या पुण्याशीं जुळतो. टिपू सुलतानाशीं १७९२ सालीं चाललेल्या युद्धांत इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा शत्रूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक आणि एक हात कापून टाकण्यांत आला. सुमारें एक वर्ष तो बिचारा तसाच राहिला. पुढें पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळाच्या त्वचेपासून त्यास नवें नाक करून दिलें. ही हकीकत १७९४ सालीं लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्यें छापून आली आणि युरोपांतील शस्त्रवैद्य थक्क झाले. थोरल्या ग्रेफे यांनीं १८१८ सालीं नाक नव्यानें घडविण्याच्या विद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत ह्या हिंदी पद्धतीस मानाचें स्थान दिलेलें आहे. एका अनामिक कारागिराची विद्या अशी बर्लिनपर्यंत पोंचली होती!

हे थोरले ग्रेफे १८४० सालीं हॅनोव्हरच्या युवराजाच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करण्यासाठीं त्या शहरीं गेले असतां तेथेंच अकस्मात् मरण पावले. आल्ब्रेख्त त्या वेळीं अवघा १२ वर्षांचा होता. त्याचें शिक्षण बर्लिनच्या फ्रेंच विद्यालयांत झालें. फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासितांसाठीं १६८९ सालीं स्थापन झालेली ही शाळा कडक अभ्यासाबद्दल प्रसिद्ध होती. गणित व तत्त्वज्ञान यांकडे मुलाचा ओढा होता. तथापि त्यानें वैद्यक पत्करलें आणि १८४७ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, डॉक्टर ही पदवी मिळविली.

ह्या वयांत दवाखाना थाटून बसणें त्यास कठिण नव्हतें. घरची श्रीमंती होती, वडिलांचें नांव होतें. परंतु तो प्रवासास निघाला तो शिकण्यासाठीं. प्राग येथें प्राध्यापक आर्ल्ट यांच्या सहवासांत त्याचें मन नेत्रविद्येकडे वळलें तें कायमचें. तेथून पॅरिस, मग व्हिएन्ना, आणि शेवटीं १८५१ सालीं लंडन. लंडनमध्यें बोमन ह्या इंग्रज नेत्रवैद्यांशीं त्याचा परिचय झाला, आणि त्याच शहरांत हॉलंडचे डॉक्टर डोंडर्स भेटले. डोंडर्स त्याच्याहून १० वर्षांनीं वडील. दोघे परक्या देशांत भेटले, आणि त्यांची मैत्री ग्रेफे यांच्या मृत्यूपर्यंत अखंड राहिली.

ह्याच सुमारास कोनिग्सबर्ग येथील प्राध्यापक हेल्महोल्ट्झ यांनीं डोळ्याचा तळ पाहण्याचें यंत्र तयार केलें. आपण दुसऱ्याच्या बाहुलींतून पाहूं गेलों तर ती काळी दिसते, कारण आंत प्रकाश जाण्याच्या वाटेंत आपलेंच डोकें आड येतें. हेल्महोल्ट्झ यांनीं कांचेच्या पट्ट्यांवरून दिव्याचा प्रकाश आंत परावर्तित केला आणि त्याच कांचेंतून आरपार पाहिलें. युक्ति साधी, पण तोंवर ती कोणाच्या हातून सिद्धीस गेली नव्हती. १८५१ सालीं हें यंत्र प्रसिद्ध होतांच ग्रेफे यांनीं तें मागविलें आणि रोग्यांच्या डोळ्यांमागून डोळे पाहण्याचा सपाटा चालविला. पुढें १८८६ सालीं ग्रेफे यांच्या नांवानें ठेविलेलें पहिलें पदक हेल्महोल्ट्झ यांस देण्यांत आलें, तेव्हां त्या थोर शास्त्रज्ञानें आपण केवळ छिन्नी घडविणारे लोहार आहोंत, मूर्ति घडविणारे शिल्पकार दुसरे होते, अशा आशयाचा दृष्टान्त देऊन सर्व श्रेय ग्रेफे व त्यांचे सहकारी यांजकडे वळविलें. हें वाचतांना आम्हांस दोघांपैकीं कोणाचें कौतुक अधिक करावें हें कळेनासें होतें.

१८५१ सालीं बर्लिनला परत येऊन ग्रेफे यांनीं आपला नेत्रचिकित्सालय उघडला. गरिबांस औषधोपचार विनामूल्य होता. थोड्याच वर्षांत तेथें रोग्यांची रीघ लागली आणि त्यांच्याबरोबर युरोप-अमेरिकेंतील तरुण डॉक्टरांचीहि. सकाळीं रोगी तपासणें, दुपारीं शस्त्रक्रिया, संध्याकाळीं व्याख्यान, आणि रात्रीं त्या दिवसाच्या रोग्यांचीं टिपणें असा त्यांचा क्रम असे. १८५४ सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, त्यांनीं केवळ नेत्ररोगांस वाहिलेलें एक शास्त्रीय नियतकालिक सुरू केलें. पहिल्या भागांतील बहुतेक मजकूर त्यांच्याच लेखणीचा आहे. पुढें डोंडर्स व आर्ल्ट हे संपादनांत त्यांस मिळाले. तें नियतकालिक ग्रेफे यांच्याच नांवानें आजहि चालू आहे.

आतां काचबिंदूची हकीकत सांगितली पाहिजे, कारण ग्रेफे यांच्या कीर्तीचा पाया तीच होय. मोतीबिंदू व काचबिंदू ह्या दोन रोगांत पुष्कळ लोक घोटाळा करितात. मोतीबिंदूंत डोळ्यांतील भिंग गढूळ होतें, आणि तें काढून टाकलें म्हणजे दृष्टि परत येते. काचबिंदूची गोष्ट निराळी. डोळ्यांत एक स्वच्छ द्रव सतत पाझरत असतो व बारीक वाटांनीं तितकाच बाहेर पडत असतो. ह्या वाटा अडल्या म्हणजे डोळ्यांतील दाब वाढतो, आणि त्या दाबाखालीं दृष्टिनाडी मरत जाते. मेलेली नाडी पुन्हां जिवंत होत नाहीं. ह्या रोगाचा तीव्र प्रकार फारच भयंकर. डोळा एकाएकीं लाल होतो, कपाळ फुटेल असें वाटतें, ओकाऱ्या होतात, दिव्याभोंवतीं रंगीत कडीं दिसतात, आणि कधीं कधीं एक-दोन दिवसांत दृष्टि कायमची जाते. ग्रेफे यांच्या पूर्वीं हा रोग असाध्य समजला जात असे. जळवा, पारा, रक्त काढणें हे सर्व उपाय होत, आणि रोगी आंधळा होई.

डोळा ह्या रोगांत दगडासारखा टणक लागतो, हें ग्लासगोचे मॅकेन्झी यांनीं पूर्वींच नमूद करून ठेविलें होतें. ग्रेफे यांनीं तो दाब हेंच रोगाचें मर्म मानलें व तो कमी करण्याचे मार्ग शोधूं लागले. बाहुली मोठी करणारें औषध घालून पाहिलें, उपयोग झाला नाहीं. डोळ्यास बारीक छिद्र पाडून द्रव काढून पाहिला. चार दिवस बरें वाटे, पुन्हां दाब चढे. मात्र दुसऱ्याच कांहीं विकारांसाठीं बाहुलीभोंवतालच्या रंगीत पडद्याचा लहान तुकडा त्यांनीं कापून काढला होता, आणि अशा डोळ्यांत दाब उतरून तो उतरलेलाच राहतो, असें त्यांच्या टिपणांवरून त्यांस आढळून आलें. हेंच काचबिंदूंत केलें तर? १८५६ सालीं त्यांनीं तें करून पाहिलें. वेदना थांबल्या, डोळा मऊ झाला, आणि वेळेवर आलेल्या रोग्यांची दृष्टि वांचली.

त्यांनीं घाई केली नाहीं हें आम्हांस विशेष वाटतें. बरे झालेले रोगी पुनःपुन्हां बोलावून, महिनोन्‌महिने तपासून, मगच १८५७ सालीं त्यांनीं आपला शोध प्रसिद्ध केला व ब्रुसेल्स येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेपुढें मांडला. ही शस्त्रक्रिया कां लागू पडते तें आपणांस नीटसें सांगतां येत नाहीं, हें त्यांनीं लपविलें नाहीं. हळूहळू वाढणाऱ्या काचबिंदूंत तिचा गुण कमी येतो, हेंहि त्यांनीं झांकून ठेविलें नाहीं. तीव्र प्रकारांत तो रंगीत पडदाच पुढें सरकून द्रवाची वाट अडवितो, आणि पडद्यास छिद्र पडलें म्हणजे वाट मोकळी होते, हा उलगडा पुष्कळ पुढें, विसाव्या शतकांत झाला. आज तेंच छिद्र लेझरच्या किरणांनीं क्षणार्धांत पाडतात.

ह्याच रोगाच्या अभ्यासांत त्यांची एक चूकहि झाली. काचबिंदू झालेल्या डोळ्यांत दृष्टिनाडीचें मुख बदललेलें दिसे. तें फुगून वर आलें आहे, असें ग्रेफे यांनीं छापून प्रसिद्ध केलें. वस्तुतः तें दाबानें आंत खचलेलें असतें. एका डोळ्यानें यंत्रांतून पाहतांना उंचवटा कीं खळगा हें ओळखणें अवघड जातें. दगडावर कोरलेलीं अक्षरें विरुद्ध बाजूच्या उजेडांत उठावाचीं भासतात, तसाच हा प्रकार. आडोल्फ वेबर नांवाच्या सहकाऱ्याच्या निरीक्षणानें संशय उत्पन्न होतांच ग्रेफे यांनीं पुन्हां तपासणी केली, आणि आपलें पहिलें विधान उलट होतें असें आपल्याच नियतकालिकांत छापलें. त्या वेळीं त्यांचा नांवलौकिक नुकताच वाढूं लागला होता, व अशा वेळीं चूक कबूल करणें सोपें नसतें. फळ्यावर आमचें गणित चुकलें असतां एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्यानें तें दाखवून द्यावें, तेव्हां क्षणभर मनांत काय येतें तें आम्ही जाणतों.

त्यांचीं इतर कामें थोडक्यांत सांगतों. अचानक एका डोळ्यानें आंधळें होण्याचें एक कारण दृष्टिपटलाच्या रोहिणींत अडकलेली रक्ताची गुठळी हें आहे, असें त्यांनीं १८५९ सालीं दाखविलें. मेंदूंत गांठ असलेल्या रोग्यांच्या दोन्ही दृष्टिनाड्या सुजलेल्या असतात, हें १८६० सालीं दाखवून मेंदूच्या रोगाची परीक्षा डोळ्यांतून करण्याचा मार्ग मोकळा केला. तिरळ्या डोळ्यांवरील शस्त्रक्रिया बर्लिनमध्येंच १८३९ सालीं प्रथम यशस्वी झाली होती, परंतु बेसुमार स्नायु कापल्यामुळें ती बदनाम झाली होती. तिला ग्रेफे यांनीं मोजमाप लाविलें. मोतीबिंदूसाठीं १८६५ पासून त्यांनीं अरुंद पात्याची सुरी वापरून छेद लहान व सरळ केला. पूर्वींच्या मोठ्या अर्धगोल छेदांत पू होऊन डोळेच्या डोळे गमवावे लागत. तें प्रमाण पुष्कळ उतरलें. ती सुरी त्यांच्या नांवानें पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली.

विद्यापीठानें मात्र त्यांस पूर्ण प्राध्यापकपद देण्यास १८६६ साल उजाडूं दिलें. डोळ्यासाठीं स्वतंत्र अध्यापक कशाला, शस्त्रवैद्य आहेतच, असें मानणारे जुने लोक तेथें होते. जगभरचे डॉक्टर ज्यांच्यापाशीं शिकावयास येत, त्यांस आपल्याच गांवीं इतकीं वर्षें वाट पाहावी लागली.

१८६१ सालीं त्यांस छातीचें कठिण दुखणें झालें आणि त्यांतून ते पुरते उठलेच नाहींत. १८६२ सालीं डेन्मार्कमधील क्नूथ घराण्यांतील ॲना हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. मुलें झालीं, संसार सुखाचा होता, पण क्षय शरीर पोखरीत होता. विश्रांति घ्यावी म्हणून मित्रांनीं पुष्कळ विनविलें. दारांत आंधळे बसलेले असतां त्यांस तें जमलें नाहीं. आम्हांस राहून राहून वाटतें कीं त्यांनीं मित्रांचें ऐकावयास हवें होतें. दहा वर्षें अधिक जगते तर आणखी किती डोळे वांचते! २० जुलै १८७० रोजीं त्यांचा अंत झाला. आदल्याच दिवशीं फ्रान्सनें प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलें होतें. ज्या रोगानें ते गेले त्याचे जंतु रॉबर्ट कॉख यांनीं त्याच बर्लिन शहरांत १८८२ सालीं शोधून काढिले. त्याच वर्षीं तेथें ग्रेफे यांचा पुतळा उभारण्यांत आला. पुतळ्याच्या हातांत डोळा पाहण्याचें तें लहानसें यंत्र आहे, आणि दोहों बाजूंस रोग्यांचीं रंगीत शिल्पचित्रें आहेत.

नेत्रवैद्यांनीं दरवर्षीं हायडेलबर्ग येथें जमून आपले अनुभव, यशाचे तसे अपयशाचेहि, एकमेकांस सांगावे, ही प्रथा ग्रेफे यांनीं १८५७ सालीं पाडली. १८८४ च्या सप्टेंबरांतील तेथील बैठकीसाठीं व्हिएन्नाच्या कार्ल कोलर नांवाच्या तरुण डॉक्टरनें एक लहान निबंध पाठविला. प्रवासखर्चास पैसे नसल्यामुळें तो स्वतः येऊं शकला नाहीं. दुसऱ्यानेंच तो वाचून दाखविला. कोकेनचे थेंब घातले असतां डोळा बधिर होतो व शस्त्र लागलेलें रोग्यास कळत नाहीं, एवढेंच त्यांत होतें. सभेंत एका रोग्याच्या डोळ्यांत थेंब घालून तें सर्वांस दाखविण्यांत आलें. ज्यांनीं ग्रेफे यांच्या हाताखालीं, जागेपणीं सर्व सोसणाऱ्या रोग्यांवर सुरी धरावयास शिकून घेतलें होतें, असे कित्येक जण त्या काळीं अद्याप हयात होते.