विश्लेषण : जुन्या रशियन चांदीवरील शिक्के कसे ओळखावेत? कार्ल फॅबर्जे यांचे आयुष्य काय सांगते?

देवाचा टाक नव्याने करायचा असो की जुने पैंजण मोडायचे असोत, धाराशिव, तुळजापूरच्या सराफाकडे पहिला प्रश्न चांदीच्या शुद्धतेचा असतो. आता मोबाइलवर ‘जुनी रशियन चांदी’ म्हणून चमचे, पेले, डब्याही विकायला दिसतात. त्यावर कार्ल फॅबर्जे हे नाव असेल तर किंमत कित्येक पटींनी वाढते. म्हणूनच या नावाचे बनावट शिक्केही भरपूर आहेत. ते पकडायला फॅबर्जे यांच्या आयुष्यातील तारखा उपयोगी पडतात.

कोण होते फॅबर्जे?

फॅबर्जे यांचा जन्म १८४६ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. वडील गुस्ताव यांनी तिथे १८४२ मध्ये दागिन्यांचे दुकान काढले होते. युरोपात शिकून आलेल्या कार्ल यांनी १८७२ मध्ये पेढीची सूत्रे हाती घेतली. हर्मिटेज संग्रहालयातील जुने दागिने दुरुस्त करताना त्यांचा हात आणि नजर तयार झाली. १८८५ मध्ये झार तिसरे अलेक्झांडर यांनी पत्नीला ईस्टरची भेट म्हणून त्यांच्याकडून रत्नजडित कलेचे पहिले अंडे करून घेतले. त्याच वर्षी ते राजदरबाराचे अधिकृत पुरवठादार झाले आणि नावावर दुतोंडी गरुड उमटवण्याचा मान मिळाला.

वस्तू स्वतः घडवत होते का?

बहुतेक नाही. ते कल्पना आणि दर्जा सांभाळत. घडणावळ कारागिरांची असे. सेंट पीटर्सबर्गच्या वस्तूंवर सहसा पेढीच्या नावासोबत मुख्य कारागिराची आद्याक्षरे असतात. मिखाईल पेर्खिन १८८६ पासून मुख्य कार्यशाळा सांभाळत होते. १९०३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर हेन्रिक विगस्ट्रॉम आले. चांदीकामात यूलियस रॅपोपोर्ट यांचे नाव मोठे. त्यांच्या शिक्क्यातील इंग्रजी ‘पी’सारखे दिसणारे अक्षर रशियन लिपीतले ‘र’ आहे, हे लक्षात ठेवावे. मॉस्को शाखा १८८७ मध्ये सुरू झाली. तिथल्या चांदीच्या भांड्यांवर सहसा गरुडाखाली फॅबर्जे यांचे पूर्ण नाव असते.

‘८४’ म्हणजे ८४ टक्के?

नाही. रशियात शुद्धता ‘झोलोत्निक’मध्ये, म्हणजे ९६ भागांत मोजत. ९६ पैकी ८४ म्हणजे ८७.५ टक्के चांदी. ८८ आणि ९१ हे आकडे त्याहून शुद्ध चांदीचे. हजारात मोजलेला ८७५ हा आकडा मात्र सोव्हिएत काळात, १९२७ नंतर आला.

आकड्याशेजारी सरकारी तपासणीचे चिन्ह असते. १८९९ पासून ते पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या स्त्रीच्या चेहऱ्याचे आहे. १९०८ पर्यंत तिचे तोंड डावीकडे, त्यानंतर उजवीकडे. १८९९ पूर्वी शहराचे चिन्ह असे : सेंट पीटर्सबर्गसाठी राजदंड आणि नांगर, मॉस्कोसाठी ड्रॅगनला मारणारा घोडेस्वार.

शेवट कसा झाला?

१९१७ च्या क्रांतीनंतर बोल्शेविकांनी पेढी ताब्यात घेतली. १९१८ मध्ये फॅबर्जे यांना देश सोडावा लागला आणि १९२० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. पुढे अमेरिकेत हे नाव अत्तराच्या बाटल्यांवरही झळकले. १९५१ मध्ये कुटुंबाला २५,००० डॉलरवर तडजोड करावी लागली.

मग खरेदीदाराने काय पाहावे?

नाव, आद्याक्षरे, आकडा आणि स्त्रीचा चेहरा एकाच काळातले आहेत का, हे तपासावे. पेर्खिन यांचा शिक्का आणि उजवीकडे पाहणारी स्त्री एकत्र दिसली तर शंका घ्यावी, कारण ते चिन्ह येण्याआधी पाच वर्षे ते वारले होते. फॅबर्जे हे नाव आणि ८७५ हा आकडाही सोबत येऊ शकत नाही.

तारखा जुळल्या तरी वस्तू खरीच असेल असे नाही. दुसऱ्याच कोणाच्या अस्सल रशियन चमच्यावर नंतर फॅबर्जे यांचे नाव ठोकलेले असू शकते. तिथे चांदी खरी, सरकारी चिन्ह खरे, फक्त नाव खोटे. त्यामुळे पैसे मोजण्याआधी वस्तू जाणकाराच्या हाती देऊन तपासून घेणे बरे. नुसत्या फोटोवर नावाचे पैसे मोजले, तर हाती फक्त चांदीच्या भावाची वस्तू उरते.